धंदा आपला, नंबर कुणाचा?



दुकानाच्या पाटीवर मराठी हवी, सरकारी कागद मराठीत हवा, म्हणून आम्ही १९५६ पासून भांडत आहोत आणि यापुढेही भांडणार. परंतु त्या पाटीखालचा धंदा सरकारदरबारी कुणाच्या नावावर आहे, असे विचारले तर आमच्यातले निम्मे लोक डोके खाजवतात. बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही हे रोज पाहतो. म्हणून आज थोडे कडू लिहीत आहोत.

एक वहिनी आमच्याकडे आल्या. घरचा चकली-चिवड्याचा धंदा, माल बेळगावहून कोल्हापूरला जाणारा. कढईसमोर वर्षानुवर्षे त्याच उभ्या. पण चालू खाते यजमानांच्या नावाने, जीएसटी यजमानांच्या पॅनवर आणि त्या नोंदणीत मोबाइल नंबर एजंटाचा! यजमान गेले आणि धंदा एका दिवसात बिननावाचा झाला. खाते थांबले, व्यापाऱ्याने बिलाचे पैसे अडकवले. वहिनींचा स्वतःचा पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत दिवाळीचा हंगाम हातचा गेला. यात कानडी सरकारचा दोष किती आणि आमचा किती, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

पॅन हा केंद्र सरकारचा नंबर. तो देताना अधिवास, मातृभाषा कोणी विचारत नाही. बेळगाव, इंदूर, बडोदे, कुठेही तोच चालतो. त्याची दहा अक्षरे असतात आणि चौथे अक्षर मालक कोण ते सांगते. पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी, एच म्हणजे हिंदू एकत्र कुटुंब. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला वेगळा पॅन नसतो, मालकाचाच चालतो. भावाभावांनी भागीदारी केली तर मात्र भागीदारीपत्र करून पेढीचा वेगळा पॅन घ्यावा लागतो. आमच्याकडे काय चालते? आजोबांनी काढलेले दुकान, तीन भाऊ गल्ल्यावर, नफा तिघांचा आणि पॅन थोरल्याचा! "घरातल्या घरात कसला कागद?" असे म्हणणारेच पुढे कोर्टाची पायरी चढतात.

जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. त्याचा नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरे पॅनची. म्हणजे पॅन चुकला की पुढचे सगळेच चुकले. कर्नाटकचा अंक २९, महाराष्ट्राचा २७. आमच्या मनाने ही सीमा कधीच मानली नाही, पण जीएसटी ती काटेकोर मानतो. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः नोंदणीची सक्ती नाही. पण करपात्र माल बेळगावातून चंदगडला किंवा कोल्हापूरला विकला, की हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडता ही सवलत संपली. उलाढाल लाखाची असली तरी नोंदणी हवी. सीमेवरच्या छोट्या धंदेवाल्याला हे ओझे आतल्या जिल्ह्यांतल्या माणसापेक्षा जास्त आहे. एवढ्या सभा होतात, एवढी निवेदने जातात. त्यांत या मागणीची एक ओळ कधी आली आहे का?

आता एजंटांविषयी. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर सज्ञान व्यक्तीला इ-पॅन फुकट मिळतो. जीएसटी नोंदणीला सरकारी फी नाही. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणीही फुकट आहे. मग हजारो रुपये कशाचे मोजता? कष्टाची मजुरी कोणी घ्यावी, त्याला आमची ना नाही. जाणकार सीए तर हवाच. पण आपला मोबाइल, आपला इ-मेल, आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे तिजोरीची किल्ली शेजाऱ्याच्या खुंटीला टांगणे. नोटीस येते त्याच्याकडे, आणि दंड भरता तुम्ही. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावे लागते, हेही पुष्कळांना नोंदणी रद्द झाल्यावरच कळते. जुना पॅन सापडत नाही म्हणून दुसरा काढून देणारेही महाभाग आहेत. एका व्यक्तीकडे दोन पॅन सापडले तर दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे, हे ते सांगत नाहीत.

"आमचा धंदा शब्दावर चालतो" हा अभिमान आता पुरे. शब्दावर उधारी मिळते, कर्ज मिळत नाही. कर्जाच्या अर्जावर शब्द लिहायला रकाना नसतो.

आमची मागणी साधी आहे. महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या सभागृहात एक टेबल मांडावे. आमच्यात बँकेतले, करखात्यातले निवृत्त लोक कमी नाहीत. त्यांनी दोन तास बसावे, आणि पहिली खुर्ची बायकांना द्यावी. प्रत्येकाने आज रात्री घरचा पॅन, आधार आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून तिन्हींवरचे नाव अक्षर न अक्षर ताडून पाहावे. फरक दिसला तर उद्याच दुरुस्तीला लागावे.

सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर धंदा तरी आपल्या नावावर असू द्या!