प्लॉट घेतलात? आधी जेसीबीला सुट्टी द्या!

बोनस झाला, गाडीचा हप्ता फिटत आला, की तिशीतल्या मुंबईकराला एक स्वप्न हमखास पडतं. 'कर्जतला छोटीशी जागा!' खालापूरच्या टोलनाक्यावर गाड्यांच्या रांगेत उभं असताना होर्डिंग्जही तेच सांगत असतात. डोंगराची कूस, पक्ष्यांची किलबिल, सोपे हप्ते. मग एका शनिवारी सह्या होतात आणि पुढच्या शनिवारी जागेवर पहिला पाहुणा कोण येतो? जेसीबी!

'जरा साफसफाई करून घेऊ,' असं म्हणेपर्यंत दोन तासांत झुडपं गायब, उतार सपाट, लाल माती उघडी. त्यावर लॉन, कडेने पाम, फाटकाजवळ गुलमोहर. फोटो अपलोड, खाली ओळ - 'निसर्गाच्या सान्निध्यात'. अहो, निसर्ग तिथे आधीच होता. तुम्ही त्याला डंपरमध्ये भरून पाठवलात!

हे टोमणे मारायला लिहीत नाहीये. जागा घ्यावी, हौस करावी. पण याच पट्ट्यात काही शहरी माणसांनी जमीन घेऊन अगदी उलटा प्रयोग केला आणि तो जमलाही. नेरळहून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी 'वनवाडी' आहे. 1994 मध्ये दोनेक डझन मित्रमंडळींनी मिळून तिथे 64 एकर ओसाड जमीन घेतली. त्यातले एक, सेंद्रिय शेतीवर लिहिणारे भरत मन्साता. सुरुवातीला त्यांनीही उत्साहाने रोपं लावली. पण जंगल परत आलं ते मुख्यतः आपलं आपण. तोड थांबली, आग आणि गुरं आवरली, एवढं पुरलं. पुढे तिथल्या जाणत्या आदिवासींना सोबत घेऊन मोजदाद झाली, तेव्हा खायच्या, औषधाच्या, लाकडाच्या अशा शंभराहून जास्त उपयोगी वनस्पती निघाल्या.

जादू? छे! ही जमीन दिसते तेवढी मेलेली नसते. ऐन, साग, पळस, कुडा यांचे बुंधे वरून तोडले तरी मुळं जिवंत राहतात. भाताच्या राबासाठी फांद्या तोडल्या, कोळशासाठी बुंधे गेले, तरी दर पावसाळ्यात खुंटाला फुटवे येतातच. आपल्याला ती 'झुडपं' वाटतात. प्रत्यक्षात ती दहा-वीस वर्षांची मुळं असलेली झाडं असतात, फक्त वाढायची संधी न मिळालेली. (ऑफिसात अशी मंडळी दिसतात ना, तसंच!) जेसीबी नेमकी हीच मुळं उपटतो. सोबत शेवळाचे कंदही जातात. तीच ती जूनमध्ये ठाण्या-दादरच्या बाजारात येणारी शेवळं. त्यांची खाज मारायला काकड लागतो आणि काकडही याच जंगलातल्या झाडाचं फळ. एक सपाटीकरण आणि आजीची अख्खी रेसिपी साफ!

आता जुलैतल्या 'ट्री प्लँटेशन' पिकनिकबद्दल. कंपनीचा टी-शर्ट, वडापाव, शंभर रोपं, ग्रुप फोटो. हेतू चांगलाच आहे. पण कर्जतचं गणित समजून घ्या. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जेमतेम चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. जुलैत लावलेलं वीतभर रोप मार्चमध्ये पाणी मागतं, तेव्हा आपण अप्रेझलमध्ये असतो. शिवाय रोप कसलं? गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ मध्य अमेरिकेतली. त्यापेक्षा जुन्या खुंटाचा फुटवा बरा. त्याची मुळं खोल गेलेली असतात, टँकर लागत नाही.

या फुटव्याचा खरा शत्रू म्हणजे वणवा. गवत वाळलं की फेब्रुवारी-मार्चपासून डोंगर पेटतात आणि बहुतेक वेळा आग माणसानेच लावलेली असते. मोठी झाडं तगतात, कोवळे फुटवे मात्र दरवर्षी जळून जमिनीला टेकतात. नेरळच्याच सगुणा बागेच्या 'सगुणा वनसंवर्धन तंत्रा'तही वणवा रोखण्यावरच भर आहे. म्हणूनच स्वयंसेवक व्हायचं तर जुलैपेक्षा डिसेंबर-जानेवारीत जा. हद्दीवरचं गवत कापून जाळरेषा मोकळी करायला हात कमी पडतात आणि हवाही मस्त असते! पावसाळ्यातच जायचं असेल तर मऊ मातीतून रानमोडी आणि घाणेरी मुळासकट उपटा. मात्र आधी ओळखायला शिका, नाहीतर कुडाच उपटाल.

ज्यांच्या नावावर सातबारा आहे, त्यांच्यासाठी तीन गोष्टी. एक, पहिलं वर्षभर काही लावू नका, फक्त पाहा. घर बांधायचंय? तेवढीच जागा मोकळी करा. दुसरं, गावातल्या एखाद्या ठाकर किंवा कातकरी मामांना, मावशींना सोबत घेऊन जागा फिरा. प्रत्येक झाडाचं नाव विचारा आणि दिवसाची मजुरी द्या, कारण ही कन्सल्टन्सीच आहे. तिसरं, कागद नीट वाचा. 2003 मध्ये माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. त्यात या भागातल्या जमिनीही येतात. आदिवासींची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, हेही एजंट सांगत नसतो.

आणि कुंपण घालण्याआधी एक प्रश्न विचारा. इथून पाण्याला, लाकडाला, करवंदांना कोण जातं? राळेगणसिद्धीत, हिवरे बाजारात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी टिकली, कारण गावाने ती स्वतः ठरवली. तुमच्या वॉचमनच्या शिट्टीने ती टिकणार नाही. ज्यांची वाट तुम्ही बंद केलीत, ते तुमच्या डोंगराला लागलेली आग विझवायला का धावतील? वाट ठेवा, करवंदं-शेवळं काढू द्या, मग वणव्याच्या रात्री पहिला फोन त्यांचाच येईल.

तेव्हा या वीकेंडला जागेवर गेलात तर नर्सरीत थांबू नका. सोबत वही, पाण्याची बाटली आणि एखादे जाणते मामा एवढंच न्या. जेसीबीवाल्याला सांगा, 'दादा, पुढच्या वर्षी बघू.' पुढच्या वर्षी बहुधा त्याची गरजच वाटणार नाही!