सी. बी. रेडिओ : आधीं गरज, मग संच

ज्यांचीं शेतें डोंगरकुशींत आहेत, त्यांस मोबाईल न लागल्यानें काय होतें हें सांगावयास नको. गेल्या रब्बींत आमच्या गव्हाला रात्रीच्या विजेवर पाणी चाललें होतें. पंप ओढ्याकांठच्या विहिरीवर, तेथें गडी बसलेला. शेत मात्र टेकाडापलीकडे. मध्यरात्रीं पाईप निसटला व पाणी बांध फोडून जाऊं लागलें. पंप बंद कर असें गड्यास कळविण्यास दुसरा उपाय नव्हता, म्हणून पुतण्या अंधारांत टेकाड उतरून धांवला, पाय घसरून पडला व दीड महिना अंथरुणाला खिळला.

त्यानंतर मीं शहरांतील एका दुकानांतून सी. बी. रेडिओचे दोन हातसंच आणले. विक्रेत्यानें मैलांचा हिशेब सांगितला, मीं पैसे मोजले. घरीं येऊन पाहतों तों टेकाडापलीकडे शब्द पोंचेना. चूक माझीच होती. सात-बारा पाहिल्यावांचून जमीन घेऊं नका, असें कचेरींत बसून मी इतरांस जन्मभर सांगत आलों; आणि हा संच मात्र कांहींच न पाहतां घेतला.

सी. बी. म्हणजे सिटिझन्स बँड; सामान्य नागरिकांस आपसांत बोलण्यासाठीं राखलेला बिनतारी पट्टा. अमेरिकेंत १९५८ सालीं तो २७ मेगाहर्ट्झच्या आसपास देण्यांत आला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथील ट्रकचालकांनीं त्याचा फार उपयोग केला, व १९७७ सालीं चॅनेलांची संख्या २३ वरून ४० झाली. आपल्या देशांत २००५ च्या नियमान्वयें २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा, ५ वॅटच्या मर्यादेंत, परवान्यावांचून वापरण्यास मोकळा करण्यांत आला. यास टॉवर लागत नाहीं, महिन्याचें शुल्क लागत नाहीं. हा गुण मोठा खरा. परंतु त्यावरून कोणताही संच कोणाच्याही कामाचा, असें ठरत नाहीं.

यास्तव दुकानांत जाण्यापूर्वीं घरींच तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहून काढावीं. बोलणारे दोघे एकमेकांपासून किती दूर? मध्यें टेकाड किंवा दाट झाडी आहे काय? आणि संच एका जागीं ठेवावयाचा, वाहनावर बसवावयाचा, कीं हातांत वागवावयाचा? सपाट रानांत या बांधावरून त्या बांधावर बोलावयाचें असेल, तर हातसंच पुरतो. ट्रॅक्टर अथवा जीपवर बोलावयाचें, तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा वाहनसंच घ्यावा. घर व लांबचा मळा यांची सांगड घालावयाची, तर घरीं स्थिर संच आणि उंच एरियल यांवांचून गत्यंतर नाहीं.

पुष्कळ लोक वॅट किती तेवढेंच विचारतात. परंतु या पट्ट्यांतील लहरीची लांबी सुमारें ११ मीटर आहे. म्हणून चांगली एरियल तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे पावणेतीन मीटरांच्या आसपास भरते. हातसंचावरची वीतभर रबरी दांडी तेवढें काम कोठून करणार? शिवाय मोकळ्या जागेंतही अंतर दुप्पट करावयाचें तर शक्ति चौपट लागते. टेकाड आड आलें तर तीही फारशी कामास येत नाहीं. तेव्हां पैसा संचाच्या दिव्यांवर व बटणांवर न उडवितां एरियल, तिची केबल व तिची उंची यांवर घालावा. एरियल संचाशीं जुळली आहे कीं नाहीं, हें एस. डब्ल्यू. आर. मापकानें पाहून मगच बोलावें. न जुळल्यास शक्ति उलट फिरून संच बिघडण्याचें भय असतें. आणि विजेच्या तारांजवळ एरियल कधींही उभारूं नये.

आतां कायद्याची बाजू. अमेरिकन धर्तीच्या ४० चॅनेलांच्या संचांत शेवटचें चॅनेल २७.४०५ मेगाहर्ट्झवर असतें. आपला पट्टा २७.२८३ लाच संपतो. म्हणजे पहिलीं २७ चॅनेलें हद्दीच्या आंत व उरलेलीं १३ बाहेर. हद्दीबाहेर बोलणें म्हणजे दुसऱ्याच्या रानांत नांगर घालणें होय. शक्ति वाढविणारा जोडसंच तर मुळींच लावूं नये. विक्रेत्याकडून सरकारी प्रकार-मान्यतेचा कागद व पक्की पावती घ्यावी, आणि शक्ति व एरियल यांविषयींच्या अटी चालू नियमांत स्वतः वाचाव्या. ज्यांचें काम एका शेतापुरतें आहे, त्यांनीं ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरील अल्पशक्तीच्या वॉकी-टॉकीचाही विचार करावा. त्यांस २०१८ सालीं परवान्यांतून सूट मिळाली आहे.

शेवटची गोष्ट पैशाची नव्हे, शिस्तीची. ऐकणारा नसेल तर उत्तम संचही मुका. अमेरिकेंत ९ वें चॅनेल संकटकाळासाठीं राखलेलें आहे. आपल्या खोऱ्यांत तसा कान लावून बसणारा कोणी नाहीं. म्हणून कोणतें चॅनेल, कोणत्या वेळीं ऐकावयाचें व बॅटरी कोणी भरावयाची, हें आधींच ठरवावें. बोललेलें कोणासही ऐकूं जातें, तेव्हां देण्याघेण्याच्या गोष्टी त्यावर बोलूं नयेत.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर त्याच जातीचा तिसरा संच घ्यावा लागला. रात्रीं पाणी असलें म्हणजे टेकाडाच्या माथ्यावरील खोपटांत एकजण बसतो. शेतांतला निरोप ऐकतो व ओढ्याकडे सांगतो. हा उपाय आधीं सुचला असता तर तेवढ्यावरच भागलें असतें असें नाहीं, पण निदान भलत्या भरवशावर पैसे दिले नसते. सर्वांनींच अशी ठेंच खावी असें नाहीं. आपल्या संघानें योग्य कागदपत्रांचे दोन-तीन संच घेऊन ते सभासदांस दोन-दोन दिवस आपापल्या शेतांत अजमावण्यास द्यावे, अशी माझी सूचना आहे. जमिनीची मोजणी जागेवर होते; संचाची परीक्षाही जागेवरच व्हावी.