झेटरस्ट्रॉमचा बळी हायड्रोजनने घेतला नाही

१/ खोल पाण्यात हायड्रोजन श्वसनाचा विषय निघाला की आर्ने झेटरस्ट्रॉमचा मृत्यू इशारा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते, हा त्याच्यावर अन्याय आहे.

२/ ७ ऑगस्ट १९४५. हा स्वीडिश अभियंता बाल्टिक समुद्रात १६० मीटर खोल उतरला, तो ९६ टक्के हायड्रोजन व ४ टक्के ऑक्सिजन यांच्या मिश्रणावर. ऑक्सिजन याहून वाढल्यास स्फोटाचे भय. म्हणून ३० मीटरपर्यंत साधी हवा, मग ४ टक्के ऑक्सिजन मिसळलेला नायट्रोजन आणि त्यानंतरच हायड्रोजन, असा क्रम त्याने आखला होता.

३/ १६० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सतरापट. तेथे ४ टक्के ऑक्सिजन पुरतो. १० मीटरवर दाब केवळ दुप्पट; तेथे त्याच मिश्रणाने शुद्ध हरपते. परतताना वाटेत थांबून वायू बदलणे अनिवार्य होते.

४/ तो थांबा मिळालाच नाही. वरच्या माणसांच्या चुकीने त्याचा मंच थेट १० मीटरच्या आसपास ओढला गेला. ऑक्सिजनअभावी आणि शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे झाल्याने त्याचा अंत झाला.

५/ पुढे १९९२ साली फ्रान्समधील दाबकक्षात हायड्रोजनयुक्त मिश्रणावर माणूस ७०१ मीटर खोलीइतक्या दाबापर्यंत पोहोचला.

६/ वायू बदलण्यापूर्वी सोबत्याकडून नळी, मिश्रण आणि खोली पडताळून घेणे ज्यांना निव्वळ सोपस्कार वाटते, त्यांनी झेटरस्ट्रॉमचा विक्रम सांगताना तो हुकलेला थांबाही सांगावा.