घर तपासावयाचे कोणी?

आयुष्यभराची पुंजी व वर वीस वर्षांचे कर्ज घालून सदनिका घेणारा नोकरदार घर पाहतो, ते रंग वाळल्यावर. बिल्डरचा माणूस नळ सोडून दाखवितो आणि ताबापावतीवर सही घेतो. अलीकडे फी घेऊन घर तपासून देणारे अभियंते शहरांतून पुढे आले आहेत. भिंतीतील ओल, पोकळ वाजणाऱ्या लाद्या, विजेचे अर्थिंग, न्हाणीघराचा उतार हे सारे ते पाहतात. ज्याला परवडेल त्याने अवश्य पाहून घ्यावे. मात्र गिलाव्याआडची सळई डोळ्यांना दिसत नाही. आणि तपासनिसाची फी बिल्डरच देत असेल, तर त्या अहवालास जाहिरातच समजावे.

खरे हत्यार कायद्यात आहे. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. तपासणीचा अहवाल हा त्याचा पुरावा. म्हणून तो लेखी व छायाचित्रांसह घ्यावा, बिल्डरला देऊन पोच घ्यावी. इमारतीतील सर्वांनी मिळून एकच अभियंता नेमला, तर गच्ची, टाक्या, खांबही तपासले जातील. आपल्या शाखांनी हे काम हाती का घेऊ नये?

भोगवटा प्रमाणपत्र मात्र सर्वांआधी पाहावे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ ७४ बळी घेणारी इमारत अनधिकृत होती. बांधकाम चालू असतानाच तीत माणसे राहत होती. त्यांना तपासनीस कोठून परवडणार? त्यांच्या वतीने तपासणी करणे हे महापालिकेचे काम होते. त्या प्रकरणी पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली.