मालिका संपवून कोणाचं भलं होणार?



मालिका लांबली की एक तर लेखकाच्या नावाने बोटं मोडायची, नाहीतर 'बायका बघतात म्हणून चालतं' म्हणून मोकळं व्हायचं. आमच्या हिंगणघाटच्या पानठेल्यावरही हाच निकाल लागतो. मला तो मान्य नाही.

वाहिनी जाहिरात विकते दहा सेकंदांच्या दराने. तो दर टीआरपीवर ठरतो आणि टीआरपी दर आठवड्याला, गुरुवारी कळतो. निर्मात्याला पैसे मिळतात भागामागे. चालत्या मालिकेचा सेट उभा असतो, चेहरे घरोघरी ओळखीचे झालेले असतात. नवी आणायची तर प्रोमो, होर्डिंग, नवा सेट, आणि एवढं करून ती पडायची भीती. मग संपवायची कोणी? 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले, ते काही कथेची तेवढी गरज होती म्हणून नव्हे.

या हिशेबाचा खरा मार कथानकाला बसतो. 'आई कुठे काय करते' ज्या बंगाली 'श्रीमोयी'वर बेतली होती, ती २०२१च्या डिसेंबरात संपली. मराठीतली नायिका अरुंधती २०२४च्या नोव्हेंबरपर्यंत सोसत राहिली. बाई स्वतःच्या पायावर उभी राहिली की गोष्ट संपते. म्हणून तिला उभं करायचं आणि पुन्हा पाडायचं. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरची. आपल्याकडची बोली नायिकेच्या तोंडी आली याचा आम्हा विदर्भवाल्यांना कोण आनंद! पण नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण निस्तरायला २०१६ ते २०२१?

एखादा भाग नीट बघा. सून म्हणते, "मला काहीतरी सांगायचंय." कॅमेरा सासू, नणंद, दीर, झालंच तर कामवाली, सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो. ढणाढणा संगीत, जाहिराती. परत तोच प्रसंग, तेवढ्यात फोन वाजतो आणि सांगायचं राहून जातं. याला आपण पाणी घालणं म्हणतो. पण नवी जागा नाही, नवा कलाकार नाही आणि भाग तयार, असा हा स्वस्तातला मामला आहे. सणांचंही तेच. गणपती ते दिवाळी जाहिरातदारांचा हात सैल असतो, तेव्हा मालिकेतल्या घरातही आरास होते आणि कट-कारस्थानं आरतीपुरती थांबतात.

दूरदर्शनच्या तेरा भागांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनीही जरा थांबावं. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. तो आकडा काही कलेने दिलेला नव्हता. पण त्यात लेखकाला शेवट कधी करायचा ते पहिल्या दिवशी माहीत असे. आज टीआरपी घसरला की ट्रॅक बदलतो, कथा काही वर्षं पुढे उडी मारते, म्हणजे लीप येतो, मेलेला माणूस परततो.

वाहिन्या म्हणतील, लोकांनाच हवंय. टीआरपी एवढंच सांगतो की त्या वेळी ती वाहिनी लावलेली होती. अजून वर्षभर हेच दाखवा, असं तो सांगत नाही. शिवाय वाहिन्यांच्या पॅकचे पैसे आम्ही महिन्याच्या महिन्याला भरतो, जाहिरातीही बघतो. तेव्हा मागणी साधी आहे: मालिका सुरू होतानाच तिचे भाग किती ते जाहीर करा. आणि जो निर्माता ठरल्या भागांत गोष्ट आटोपेल, त्याच वेळेची पुढची मालिका त्यालाच द्या, म्हणजे शेवट करण्यात त्याचंही नुकसान नाही.

— एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा