शेजाऱ्याच्या दारातला मुका जीव

बोईसरच्या कामगार वस्त्यांत घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळ्या रात्रंदिवस चालतात. पालघरहून मुंबईला नोकरीला जाणारा माणूस पहाटेची गाडी पकडतो तो रात्रीच परततो. मग घराला कुलूप आणि दारात बांधलेली बकरी किंवा कुत्रा, हे दृश्य सर्वांच्याच ओळखीचे. मे महिन्यात सावली सरकते, दावे तिथेच राहते. पाण्याचे घमेले दुपारपर्यंत कोरडे होते. शेजारच्या घरात आपण असतो. आपण काय करावे?

"लोकांच्या भानगडीत कशाला पडायचे?" असे पुष्कळजण म्हणतात. इस्लामने शेजाऱ्याचे हक्क फार मोठे मानले आहेत हे खरेच. पण म्हणून जनावराचा हक्क बुडत नाही.

अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एका उंटाची हकीकत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेतील एका बागेत गेले. तिथला उंट त्यांना पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषितांनी (स.) आधी त्याला कुरवाळून शांत केले. मग हा उंट कुणाचा, असे विचारले. एक अन्सारी तरुण पुढे आला. तू याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस, याच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगत नाहीस का, असे त्यांनी त्याला तोंडावर सुनावले.

यातला क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आधी जनावराला दिलासा, मग मालकाचा शोध, मग त्याच्याशीच बोलणे. तहानलेल्या जीवापुढे पाणी ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यानंतर शेजारी सुट्टीवर असेल तेव्हा त्याच्या दारी जावे. कदाचित त्याला सलग दोन पाळ्या कराव्या लागत असतील. "तुम्ही नसताना आमचा मुलगा पाणी ठेवील, चालेल का?" एवढे विचारले तरी पुष्कळ ठिकाणी काम होते. फोटो काढून वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर त्याची बेअब्रू होते आणि बकरी उन्हातच राहते.

जाण्यापूर्वी स्वतःचे मनही तपासावे. आपल्याला त्रास भुंकण्याचा आणि वासाचा आहे, की त्या जीवाच्या भुकेचा? जुन्या भांडणाचा हिशेब जनावराच्या आडून चुकवू नये. आपल्या गॅलरीतही पाहावे. बकरी ईदच्या आधी आणलेल्या बोकडाला सावली, चारा आणि बसायला कोरडी जागा आहे ना?

सांगूनही ऐकले नाही तर तक्रार करणे ही चुगली नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे आणि आखूड साखळीने तासन्‌तास बांधणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये. म्हणूनच कायद्याआधी शेजाऱ्याचा शब्द मोलाचा ठरतो. मात्र रात्री गुपचूप दावे सोडून देऊ नये. वस्तीबाहेर ट्रकांची वर्दळ असते; सुटलेले जनावर तिथे वाचणे कठीण.

आपली मुले हे सारे पाहत असतात. पाण्याचे भांडे त्यांच्याच हाती द्यावे.