किलोभर जव आणि चक्क्याचं फडकं

मंडळी, यंदाचा उन्हाळा लेकीकडे काढला, अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी. आणि तिच्या स्वयंपाकघरात मी तिच्या बरोबरीने चार वेळा बिअर केली. हो, बरोबर वाचलंत! शाळेत दरवर्षी २ ऑक्टोबरला व्यसनमुक्तीवर भाषण देणारी मीच ती. हे कळल्यावर एका भाच्याचा निरोप आला, "आत्या, कृती पाठव!" आणि धाकट्या जाऊबाईंनी फोनवर नुसतंच "अगंबाई" म्हणून विषय बदलला. दोघांनाही एकदाच उत्तर देऊन टाकते.

आधी जाऊबाईंना. माझा थोरला भाऊ १९८४ साली दारूपायी गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. घरातल्यांना हे ठाऊक आहे, पण आपण ते बोलत नाही. त्यामुळे लेकीने पहिल्यांदा बिअरचं नाव काढलं तेव्हा मी गप्पच बसले. तीच म्हणाली, "आई, तुला मामा आठवत असेल तर मी तू गेल्यावर करीन." मी म्हटलं, "कर. पण मला दाखव काय करतेस ते."

तिने पिशवी उघडून मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. मोड आणून वाळवलेले जव! चावून पाहिले तर गोडसर, खुसखुशीत. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण पोरांसाठी सत्त्व करतो, तीच विद्या. मोड येताना दाण्यात असं द्रव्य तयार होतं की कोमट-गरम पाण्यात ते पिठाची साखर करतं. पुढे यीस्ट ती साखर खातं, म्हणजे एरवी विरजणाचं असतं तसंच मुरवण्याचं काम. हे कळल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

जावयांचा डोळा एका विजेवर चालणाऱ्या स्टीलच्या यंत्रावर होता. किंमत काहीशे डॉलर. दुकानदार म्हणत होता की नवशिक्यांनी तयार पाकापासून सुरुवात करावी, एकदम पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर करावी. मी दोन्हीला विरोध केला. तयार पाकात जवातली साखर आधीच काढून आटवलेली असते. पाण्यात कालवा, उकळा, झालं. म्हणजे गणित सोडवून दिलेलं, आपण फक्त उत्तर वहीत उतरवायचं! अशाने मूल शिकत नाही हे मी तीस वर्षं पाहिलं आहे.

मग लेकीने एक सोपी रीत काढली. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बिअरवाल्यांनी ती रूढ केली. धान्य एका पातळ कापडी पिशवीत बांधून त्याच पातेल्यात भिजवायचं. मी माझ्या बॅगेतलं श्रीखंडाचा चक्का टांगायचं फडकं काढून दिलं. पातेलं घरात होतंच. विकत काय घेतलं? एक थर्मामीटर, एक नळी, आणि बरणीच्या तोंडावर बसवायची पाण्याची चिमुकली झडप, जिच्यातून वायू बाहेर जातो पण हवा आत येत नाही. बरणी सफरचंदाच्या रसाची, गॅलनभराची, काचेची.

रीत अशी. साडेसहा लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवायचं, त्यात भरडलेले किलोभर जव फडक्यासकट सोडायचे. पाणी ६६-६७ अंशांवर येतं. मग पातेल्याला ब्लँकेट गुंडाळून तासभर विसरून जायचं. झालं की नाही हे पाहायला मी औषधाच्या कपाटातलं आयोडीन मागितलं. पांढऱ्या बशीत पातेल्यातल्या पाण्याचा थेंब घेऊन त्यावर आयोडीन. पंधरा मिनिटांनी निळा-काळा रंग आला, म्हणजे पीठ शिल्लक. तासाने आयोडीनचा पिवळसर तपकिरी रंग तसाच राहिला. पिठाची साखर झाली! जावई बशीकडे बघतच राहिले. (बशीतला थेंब मात्र पातेल्यात परत टाकायचा नाही.)

मग फडकं पिळून काढायचं, रस तासभर उकळायचा, त्यात हॉप्सची वाळलेली फुलं घालायची, कडूपणा आणि वास त्यांचाच. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांपर्यंत निववायचं, बरणीत ओतून अर्धं पाकीट यीस्ट. वर चार बोटं जागा सोडायची. दोन आठवडे अंधाऱ्या कपाटात, मग मोजून साखर घालून बाटल्यांत, पुन्हा दोन आठवडे. साखर वजन करूनच घालायची, अंदाजाने नाही. जास्त झाली तर बाटली फुटते. आणि उकळल्यानंतर जे जे रसाला लागेल ते सोवळ्यातलं हवं.

हे सोवळं दुसऱ्या खेपेला आम्ही मोडलं. नळी नुसती धुतली, निर्जंतुक केली नाही. सगळी बरणी आंबली. मोरीत ओतली, दहा-बारा डॉलर गेले, दोघी हसलो. तीच १९ लिटर असती तर? टाकवली नसती. कुणाच्या तरी गळ्यात मारली असती, नाहीतर "अशीच लागते" म्हणून स्वतःची समजूत घातली असती. चूक परवडली तरच माणूस ती कबूल करतो. म्हणून माझं मत: थोडी करा, धान्यापासून करा, घरातल्या भांड्यांत करा. यंत्र दहा खेपांनंतर. याच कॅलमझूत लॅरी बेल यांनी १९८३ मध्ये घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामानाचं दुकान काढलं आणि १९८५ मध्ये विकायला पहिली बिअर केली, ती सूपच्या पातेल्यात! पुढे त्याचा मोठा कारखाना झाला.

आता भाच्याला. बाळा, कृती वर आली आहे, पण ती तू पुण्यात करायची नाहीस. अमेरिकेतसुद्धा हे १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केल्यावरच देशाच्या कायद्यात बसलं, आणि तेही घरच्यापुरतं, विकायला नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्यावाचून बिअर करणं हा गुन्हा आहे. तुला हातच शिवशिवत असतील तर मोड आणून नाचणीचं सत्त्व कर, आयोडीनची गंमत त्यातही दिसेल.

आणि जाऊबाई, घरी केली म्हणून दारूची काही दूध होत नाही. ज्या घरात माझ्या भावासारखं माणूस आहे, तिथे ती बरणी कपाटात नसावीच. हे मी लेकीला स्पष्ट सांगितलं, आणि तिला ते पटलं. पण महिनाभर वाट पाहून आठ-नऊ बाटल्या हाती येतात, त्यातली एक दोघं मिळून रविवारी उघडतात आणि चवीवर अर्धा तास वाद घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या भावाला चव कधी माहीतच नव्हती. त्याला फक्त संपवायची घाई होती.

मी चमचाभर चाखली. कडू! मला काही आवडली नाही. फडकं मात्र तिथेच ठेवून आले.

असो.